तेलाने माखलेली डिस्क

मी एक जुनी ब्रेकची डिस्क आहे. मित्रांनो, चाकाआड बसलेल्या माझ्याकडे तुम्ही कधी ढुंकूनही पाहिलं नसेल. आमच्या साहेबांनी तर नाहीच नाही.

वितळलेल्या लोखंडातून माझा जन्म झाला. यंत्रावर घासून मला गुळगुळीत केलं आणि गाडीच्या पुढच्या चाकामागे बसवलं. साहेबांनी पाय दाबला की दोन पॅड मला दोन्ही बाजूंनी आवळायचे आणि गाडी थांबायची. काम आमचं, आणि मिशीला पीळ मात्र साहेबांच्या!

पुढे पॅड झिजले. झिजले की ते किंचाळतात. माणसांनी वेळीच जागं व्हावं म्हणून त्यांची घडणच तशी असते. साहेबांनी काय केलं? गाण्याचा आवाज वाढवला. मग ऑफिसच्या फाटकात चारचौघे हसले, तेव्हा या उंटावरच्या शहाण्याने घरी येऊन चाकाच्या फटीतून माझ्यावर तेल फवारलं! रोग रेड्याला, औषध पखालीला.

"बघ, गप्प केलं की नाही!" लगेच बायकोला ऐट दाखवली.

दुसऱ्या दिवशी ताई, म्हणजे साहेबांची बायको, आपल्या वडिलांना दवाखान्यात न्यायला निघाल्या. घरापुढच्या उतारावर त्यांनी ब्रेक दाबला. पॅड माझ्यावरून नुसते घसरले. ताईंनी हँडब्रेक खेचला, गाडी भिंतीला घासत कशीबशी थांबली. शेजारी म्हातारे बाबा दाराची कडी घट्ट धरून बसले होते. मला त्या तेलाची किळस आली, आणि ते मारणाऱ्याची त्याहून जास्त.

गॅरेजमध्ये मेकॅनिकने मला उतरवलं. अंगभर चरे पडलेले. "पॅड आणि डिस्क, दोन्ही बदला," तो म्हणाला.

"डिस्क पुसून घे रे, कोण बघतंय?" साहेब म्हणाले. "पॅड साधेच टाक. वरून लाल झाकण लाव, चाकातून उठून दिसेल असं."

"बसवा तसंच," ताई मेकॅनिकला म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. "तू उताराखाली उभा राहा. मी वरून गाडी आणते."

साहेबांची बोबडी वळली. "नको, नको! चांगले पॅड द्या. डिस्कसुद्धा नव्या द्या."

आता मी भंगारात गंजत पडले आहे. मित्रांनो, ब्रेक निवडताना रंग पाहू नका, उताराखाली आपलं माणूस उभं आहे असं समजा. आमच्या साहेबांना तेवढंही पुरलं नाही. सासरा मरता मरता वाचला तरी अक्कल आली नाही. स्वतः उभं राहायची पाळी आली, तेव्हा आली.