लाटण्यावर टांगलेला आरसा

परीक्षित बापट विमानाच्या पंखांचे नटबोल्ट तपासायची नोकरी करायचा, आणि त्याच्या घरात हातोडी नव्हती. यात काही विसंगत आहे असं त्याला स्वतःला कधी वाटलं नाही. नाशिकला त्याच्या घरी खिळा ठोकायचा झाला की सुताराला निरोप जाई, सुतार येईपर्यंत तसबीर कपाटावर पडून राही, आणि तो आला की परीक्षितचे वडील पेपरातून डोकं न काढता "जरा डावीकडे घ्या" एवढं सांगत. ब्रिस्टलला येऊन तीन वर्षं झाली तरी परीक्षितचं या विषयातलं शिक्षण त्यापुढे सरकलेलं नव्हतं.

स्वरालीला हे लग्नानंतर कळलं. तशी तक्रार नव्हती तिची. मुलगा सालस होता, चहा चांगला करायचा, भांडला तरी जेवायच्या आत विसरायचा. पण फ्लॅट भाड्याचा होता, बेडरूम अशी की पलंगाला वळसा घालताना पोट आत घ्यावं लागे, कपड्यांचं कपाट मावेना म्हणून बाहेर पॅसेजमध्ये, आणि घरमालकीण मिसेस प्रिचर्ड मोठी खमकी. भिंतीला खिळा नाही, दाराला खिळा नाही, कागद चिकटवायचा ब्लू टॅकसुद्धा नाही, असं तिने ॲग्रीमेंटमध्ये लिहून घेतलेलं. सबंध घरात आरसा एकच, बाथरूममधला, तोही आधीच्या कुणा सहा फुटी माणसाच्या बेताने लावलेला. स्वराली जेमतेम पाच फूट. टाचा उंचावल्या तर हनुवटीपर्यंत दिसे.

"मी ब्रिस्टलला पूर्ण आलेय की नुसतं डोकंच आलंय रे?" तिने एकदा विचारलं होतं.

परीक्षित हसला होता. ती मात्र पुरती चेष्टा करत नव्हती. सप्टेंबरात आल्यापासून तिचा दिवस असा जाई की परीक्षित सकाळी गेला की संध्याकाळपर्यंत बोलायला कुणी नाही. बसमधून उतरताना इथले लोक ड्रायव्हरला आभारादाखल "चिअर्स, ड्राइव्ह" म्हणतात, तेवढं तीही म्हणू लागली होती, आणि बऱ्याच दिवशी तेच तिचं सगळ्यात मोठं संभाषण असे.

अशात संक्रांत आली. लग्नानंतरची पहिली. सासूबाईंनी नाशिकहून काळी चंद्रकळा आणि हलव्याचे दागिने पाठवले: हार, बाजूबंद, बिंदी, कंबरपट्टा, सगळं साखरेच्या काटेरी दाण्यांचं, बुटांच्या खोक्यात कापूस घालून. ज्यांच्याबरोबर पाठवले त्या गृहस्थांनी ते खोकं अख्ख्या प्रवासात मांडीवर घेतलं होतं म्हणे. आणि लगेच अनुराधाकाकूंचा फोन आला. काकू इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ, ब्रिस्टलमधल्या मराठी बायकांत सगळ्यात जुन्या. "पहिला सण आहे ना तुझा? मग हळदीकुंकू तुझ्याचकडे. सॅटर्डेला चारला येतो आम्ही सगळ्या. तू फक्त नटून बस."

फक्त नटून बस! सांगलीला आई फोनवर हळहळली, "तुला नटवायला कुणी नाही गं तिथे." स्वराली "त्यात काय मोठं" म्हणाली खरी, पण फोन ठेवल्यावर हिशेब मांडू लागली. चंद्रकळा नेसून हलव्याचे दागिने एकटीने चढवायचे, तेही हनुवटीपर्यंतच्या आरशात. आणि या बायका तिला पहिल्यांदाच बघणार. त्यांच्याशी सूत जमलं तर तिला ब्रिस्टलमध्ये माणसं मिळणार होती. नाही जमलं तर बसचा ड्रायव्हर होताच.

"मला आरसा हवाय," तिने जाहीर केलं. "पूर्ण दिसेन असा."

परीक्षितने जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमधून आरसा आणला. जड लाकडी चौकटीचा, मागे पितळी कडी असलेला, पण उंचीला बेताचा. जमिनीवर टेकवला की कमरेच्या खालचंच दिसे. म्हणजे वरची स्वराली बाथरूममध्ये, खालची बेडरूममध्ये आणि मधली कुठेच नाही.

"खुर्चीवर ठेवूया ना," ती म्हणाली.

"इंजिनिअरच्या घरात आरसा खुर्चीवर?" परीक्षितला ते फार लागलं. "दारावर टांगतो. एकही खिळा न मारता. बघच तू."

बघायला मिळालं ते असं. शुक्रवारी त्याने चिकटवायचे हुक आणले. त्यांच्या पाकिटावर अख्खी सायकल टांगलेली दाखवली होती. शनिवारी सकाळी हुक लावले, आरसा चढवला, दोन पावलं मागे जाऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिला, आणि आरसा दाराच्या रंगाची एक सालपटी घेऊन सरळ पलंगावर येऊन निजला. फुटला नाही हे नशीब. मिसेस प्रिचर्डच्या आठवणीने स्वरालीने ती सालपटी उचलून जपून ठेवली.

त्यानंतर परीक्षितने कागद घेतला, दार काढलं, बाण काढले. स्वयंपाकघरात स्वराली गुळाच्या पोळ्या लाटत होती. तो आला आणि शेवटची पोळी तव्यावर पडायची वाट बघत उभा राहिला.

"लाटणं दे."

"कशाला?"

"लोड घ्यायला."

दोरी घरात नव्हती. हातोडी नसलेल्या घरात दोरी कुठून असणार? पण हळदीकुंकवासाठी म्हणून परीक्षितने नवा झब्बा-पायजमा घातला होता, आणि पायजम्याला चांगली जाड, विणलेली नाडी होती. तिच्याकडे त्याची नजर गेली आणि चेहरा असा उजळला की स्वरालीला त्याचं कौतुकच वाटलं. ते पुढे तिला महागात पडलं.

युक्ती वाईट नव्हती, हे कबूल करायला हवं. नाडीचं एक टोक आरशाच्या कडीला. नाडी दाराच्या डोक्यावरून पलीकडे, पॅसेजच्या बाजूला. तिकडच्या टोकाला लाटणं आडवं बांधलेलं. दार ओढून बंद केलं की लाटणं बाहेर चौकटीच्या वरच्या पट्टीखाली जाऊन अडकणार, आणि आत आरसा लटकून राहणार. परीक्षितने एका हाताने आरसा उचलून धरला, दुसऱ्याने पायजमा, आणि पायाने दार लोटलं. बाहेर खट्ट आवाज झाला. त्याने आरशाखालचा हात हळूच काढला.

आरसा राहिला.

स्वराली समोर उभी राहिली आणि बघतच राहिली. काळ्या साडीतली एक मुलगी, डोक्यापासून निऱ्यांपर्यंत, अख्खी. चार महिन्यांनी भेटलेली. तिला इतका आनंद झाला की ती परीक्षितच्या गळ्यातच पडणार होती, पण दागिने घालायचे होते. तिने हार घातला, बाजूबंद बांधले, कंबरपट्टा अडकवला. हलव्याचा दाणा बोटाला जरा जोरात लागला तरी भुगा होतो, म्हणून श्वास रोखून एकेक गाठ मारली. परीक्षित पलंगावर पायजमा मुठीत धरून बसला होता. "जरा डावीकडे," तो म्हणाला. बिंदीबद्दल.

तेवढ्यात बेल वाजली.

"आल्या!" स्वराली दाराकडे वळली, मुठीला हात घातला आणि थबकली. "परीक्षित, हे दार उघडलं की लाटण्याचं काय होतं?"

परीक्षितने मनातल्या मनात दार उघडून पाहिलं. दार आत उघडणारं. उघडलं की चौकटीची पट्टी मागे राहणार, लाटणं सुटणार, नाडीसकट दारावरून उडी मारणार, आणि आरसा खाली. दार बंद आहे तोवरच आरसा टांगलेला होता, आणि दार बंद आहे तोवर ती दोघं कोंडलेली होती. हे कागदावरच्या कुठल्याही बाणात आलेलं नव्हतं.

"तू आरसा धर," स्वराली म्हणाली. "मी उघडते."

"त्याला दोन हात लागतात."

"मग?"

परीक्षितने पायजम्याच्या मुठीकडे पाहिलं. "एकच मोकळा आहे. तू धर ना."

"मी? मिठी मारू त्याला? ह्या हाराचा चुरा होईल!"

"मग पॅसेजमधून माझी पँट आणून दे."

"परीक्षित," स्वराली दात आवळून म्हणाली, "पॅसेज दाराच्या बाहेर आहे."

बाहेरचं दार पाहुण्यांसाठी नुसतंच लोटून ठेवलेलं होतं. जिन्यात पावलं वाजली, बांगड्या वाजल्या, "अगं, आहे का कुणी?" अशी हाक आली. आणि पॅसेज बायकांनी भरला. कोट काढल्याची, बूट काढल्याची खुडबुड.

"मम्मी," ईराचा आवाज आला. ईरा काकूंची पंधरा वर्षांची मुलगी, इथेच जन्मलेली. "दारावर एक लाटणी हँग केला आहे."

"स्वराली?" अनुराधाकाकू म्हणाल्या. "आत आहेस ना गं? सगळं ठीक?"

स्वरालीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. याच बायकांसमोर तिला नीटनेटकं, ऐटीत जायचं होतं. आता जन्मभर तिची ओळख "ती लाटणंवाली" अशीच राहणार. डोळे भरून आले. तरी तिने सगळं सांगितलं, दाराच्या फटीशी तोंड नेऊन, मिसेस प्रिचर्डपासून नाडीपर्यंत. नाडीचं तिला गाळायचं होतं, पण ते गाळलं तर बाकीचं कुणाला कळेना.

बाहेर कुणीतरी खुसखुसलं. मग दुसरं कुणीतरी. काकूंनी मात्र ऑपरेशन थिएटरातला आवाज काढला. "हसू नका. निवेदिता, तू मला मागून धर. स्वराली, मी लाटणं घट्ट धरते, मग आरसा जाणार नाही कुठे. मी म्हटलं की दार उघडायचं. सावकाश. एकदम नाही."

"काकू, मी पण आहे आत," परीक्षित म्हणाला.

"तू कोपऱ्यात हो. आणि पायजमा सोडू नकोस."

काकू लाटणं धरून म्हणाल्या, "हं." स्वरालीने दार ओढलं. निवेदिताने मागून काकूंना धरलं, निवेदिताला आणखी कुणी. बायकांची ती रांग दाराबरोबर एकेक पाऊल आत आली. मग काकूंनी विहिरीत बादली सोडावी तशी नाडी हळूहळू सोडली आणि आरसा अलगद कार्पेटवर टेकला. परीक्षित दार आणि भिंत यांच्यामध्ये चेपला गेला होता. काकूंनी गाठी सोडवून नाडी दारामागे फेकली आणि म्हणाल्या, "घाल, आणि चहाचं बघ."

मग सगळ्यांनी स्वरालीकडे पाहिलं. धांदलीत निऱ्या अर्ध्या सुटलेल्या, एक बाजूबंद कोपरावर आलेला, बिंदी कानाजवळ. तिला वाटलं, झालं, आता बोलतील.

"अगं बाई," निवेदिता म्हणाली, "कंबरपट्टा उलटा घातलास तू." आणि स्वतःच्या भारी साडीसकट सरळ कार्पेटवर बसून तिने निऱ्या हातात घेतल्या. दुसरीने तोंडात पिना धरल्या. तिसरी केसात गजरा माळू लागली. गजरा कापडी फुलांचा होता, खरा इथे जानेवारीत कुठला मिळायला! काकूंनी बिंदी सरळ केली. "वळ. आता इकडे. हात वर. अगं श्वास घे, मरशील." पाच-सहा हात एकदम अंगावर, आणि प्रत्येकीचं वेगळं मत. पदर इंचभर वर की खाली यावरून दोघींची जुंपलीसुद्धा. सगळ्यांचे कोट त्या आरशावर फेकलेले होते आणि तो आता कुणालाच दिसत नव्हता.

"सो प्रिटी, स्वरालीताई," ईरा म्हणाली.

"आहेच मुळी," काकू म्हणाल्या. दोन पावलं मागे जाऊन त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत, चांगलं निवांत बघितलं. "छान दिसतेस हो. आईला फोटो पाठव."

आणि स्वरालीला रडू फुटलं. चार महिन्यांचं, आवरता आवरेना असं.

काकूंनी पटकन पदराचं टोक तिच्या हनुवटीखाली धरलं. "ए, रडायचं नाही हं. हार विरघळतो."

"खरंच?" स्वरालीने नाक ओढत विचारलं.

"मग! माझा विरघळला होता. पहिल्या संक्रांतीला, लेस्टरला."

"माझा न्यूकासलला," खाली बसलेली निवेदिता निऱ्यांतून डोकं न काढता म्हणाली.

"माझे तर बाजूबंदसुद्धा," मागून कुणीतरी म्हणालं.