चौसष्ट तुकड्या

शनिवारी सकाळी पार्सिपनीतल्या शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये हिमानीनं चार्टची गुंडाळी सोडली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. बाबानं तो काल ऑफिसातून मोठ्ठा प्रिंट करून आणला होता.

इतिहासाच्या स्पर्धेला अर्धा तास उरला होता. तीन महिने खपून तिनं झारच्या सैन्यातल्या पायदळ डिव्हिजनची १९१४ सालची रचना काढली होती. वर जनरल, मग दोन ब्रिगेड, चार रेजिमेंट, सोळा बटालियन आणि तळाला चौसष्ट तुकड्या. त्या तुकड्यांत शेतावरून उचलून आणलेली पोरं होती, आणि तिचं अख्खं भाषण त्यांच्यावरच होतं. गेल्या वर्षीपर्यंत वर्गात हात वर करायलाही घाबरणारी ही मुलगी आज परीक्षकांसमोर एकटी उभी राहणार होती.

आणि बाबानं, म्हणजे विनयनं, खालच्या दोन्ही ओळी उडवल्या होत्या. जनरलच्या चौकोनाला मात्र छान निळी सावली दिली होती.

तो समजावू लागला, की प्रेझेंटेशनमध्ये तीनच्या वर लेव्हल ठेवायच्या नसतात, लोक कन्फ्यूज होतात, ऑफिसात व्हीपीसमोर, म्हणजे व्हाइस प्रेसिडेंटसमोर, तो नेहमी असंच करतो.

"बाबा, तुझ्या ऑफिसच्या चार्टमध्ये तू कितव्या लेव्हलला आहेस?"

विनय किल्ल्यांशी चाळा करत राहिला. "सहाव्या."

"मग तीनच लेव्हलच्या चार्टमध्ये व्हीपीला तू दिसतोस का?"

त्यानं सॉरी म्हटलं, ते तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दप्तरातून काळा मार्कर काढला, चार्ट गाडीच्या हुडवर पसरला. वाऱ्यानं कागद फडफडायला लागला तसे विनयनं मुकाट्यानं कोपरे दाबून धरले. सोळा बटालियन वाकड्यातिकड्या उतरल्या. त्याखाली चौकोनामागून चौकोन, आणि दर चौकोनागणिक तिच्या डोक्यात एकच, एकदा विचारायचं तरी होतंस. एक फोन.

"झालं," म्हणत तिनं टोपण लावलं.

विनय बोट ठेवून मोजत होता. "त्रेसष्ट," तो हळूच म्हणाला. "एक राहिली, हिमू."

राग होता तसाच होता. तिनं दातांनी टोपण ओढलं आणि चौसष्टावी तुकडी काढली, सगळ्यांत मोठी. मग चार्ट काखेत मारला, त्याला गाडीपाशीच थांबायला सांगितलं आणि एकटी आत गेली.