सुकदेवच्या पुडीनं दाबलेली हाक

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी पेशी आहे. मला डोकं नाही, पण असतं तर एव्हाना फिरलं असतं!

टोकरखाडा नावाच्या कामगारवस्तीत राहणाऱ्या सुकदेवच्या रक्तात मी फिरते. तो मूळचा नंदुरबारकडचा, इथे धाग्याच्या कंपनीत मशीनवर उभा असतो. लहानपणी त्याच्या छातीत टीबीचे जंतू शिरले, तेव्हा आम्ही त्यांना फुफ्फुसाच्या एका कोपऱ्यात कोंडून घातलं. सुकदेव मोठेपणी सांगत सुटला, "आपली तब्येत भाकरीवर कमावलेली!" घ्या, सगळं श्रेय भाकरीला.

माझं काम असं. खबऱ्या पेशी जंतूचा तुकडा आणून माझ्यापुढे धरते. मी तो ओळखते. मग ती दुसरा इशारा देते, की संकट खरंच आहे. दोन्ही जुळले की माझ्या आत एक प्रथिन दुसऱ्याला जागं करतं, दुसरं तिसऱ्याला. कॅल्शियम उसळतं, निरोप केंद्रकात पोचतो आणि तिथली जनुकं कामाला लागतात. मग माझ्या एकीच्या अनेक होतात, आणि जंतू गिळणाऱ्या पेशींना आम्ही बळ देतो.

पण हा शहाणा! डबल ड्युटीनं अंग दुखतं म्हणून नाक्यावरच्या कुणाकडून बिननावाच्या गोळ्यांची पुडी आणायला लागला. बायको धनश्री ओरडायची, तर म्हणायचा, "काय नाय होत गं. पुडी घेतली की अंग कसं मोकळं होतं!"

मोकळं कसलं, कपाळ! त्यात स्टेरॉईड होतं. ते केंद्रकात ठाण मांडून बसलं. निरोप धावत यायचा आणि जनुकं ढिम्म हलायची नाहीत. मी ओरडून ओरडून थकले. कोंडलेले जंतू सुटले. आणि त्याच्या कुशीत रोज त्याची छोटी लेक शीतल झोपत होती.

खोकल्यातून रक्त पडलं, तेव्हा धनश्रीनं त्याला ओढत सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर अमृतांनी विचारलं, "आणखी कुठलं औषध घेता?"

"काहीच नाय, मॅडम."

अरे देवा! बोल की रे मेल्या!

"खोटं बोलू नका!" म्हणत धनश्रीनं पदराची गाठ सोडली आणि पुडी टेबलावर आपटली. मला तिचे पाय धरावेसे वाटले.

शरीराला सवय लागलेली, त्यामुळे पुडी एकदम बंद करणंही धोक्याचं होतं, म्हणून डॉक्टरांनी स्टेरॉईड हळूहळू उतरवलं आणि टीबीचं औषध सुरू केलं. मग एके दिवशी निरोप केंद्रकात पोचला आणि जनुकं हलली. मी कामाला लागले. हा मात्र कुरकुरतोच, "पुडी गेली आन् अंग दुखाया लागलं." दुखू दे, जिवंत आहेस!

मित्रांनो, घरात कुणी बिननावाची पुडी फोडली तर हात धरा. डॉक्टरांनी विचारलं तर खरं सांगा. शीतलचीही तपासणी झाली. तिची छाती स्वच्छ आहे. आता सुकदेव पुन्हा नाक्याकडे वळला, तर मी आतून कितीही ओरडले तरी त्याला ऐकू जाणार नाही. तुम्ही बाहेर आहात, तुम्ही ओरडा.