भिंगावरचा रुमाल

मित्रांनो, मी दिवा आहे खरा, पण माझ्यापुढे कधी कुणी हात जोडले नाहीत. माझ्याखाली हात राबले. अंधेरीच्या सीप्झ या निर्यात-वसाहतीतल्या एका कारखान्यातला, बशीएवढे भिंग असलेला मी एक जुना दिवा आहे.

ऐंशी सालानंतरचे ते दिवस. परदेशी संगणकांसाठी आमच्याकडे केसाहून बारीक तांब्याची तार इवल्याशा कड्यांवर गुंडाळत. हे काम बायकांचे. मला चेहरे दिसत नसत. भिंगाखाली यायचे ते फक्त हात, आणि त्यांवरूनच मी माणसे ओळखायचो.

शेवंती लग्नाची रजा संपवून आली, तेव्हा तिच्या हातांत हिरवा चुडा होता. तार बांगड्यांत अडकून तुटली. पुन्हा लावली, पुन्हा तुटली. सुपरवायझर श्यामकांत गरजले, "बांगड्या काढ, नाहीतर घरी बस. माल अमेरिकेला जातो, भायखळ्याला नाही!"

"सर, नवा चुडा आहे. काढला तर सासूबाई घरात घेणार नाहीत."

"आणि नाही काढला तर मी इथे घेणार नाही. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ठरव."

माझ्या भिंगावर टपकन एक थेंब पडला.

शेजारच्या वनमालाबाई मालवणच्या. त्या म्हणाल्या, "रडतंस कित्याक गो? भाकरी थापताना चुडो खंय सारतंस? वर ना? मगे!"

त्यांनी चुडा कोपराकडे सारला आणि आपला रुमाल त्यावर घट्ट बांधला. शेवंतीने तार घेतली. श्यामकांत मागे येऊन उभे राहिले. वेढ्यावर वेढा पडत गेला. कडे भरले, तार तुटली नाही.

"झकास," ते नाइलाजाने म्हणाले. "पण रुमाल रोज पाहिजे हं!"

"तुमच्यासाठी पण आणू, सर? घाम पुसायला?" शेवंतीने विचारले.

सगळ्या बायका खदखदून हसल्या. तसे हसू मी पुन्हा ऐकले नाही.

काही वर्षांनी तार गुंडाळणारे यंत्र आले. भिंगाखालचे हात एकेक करून कमी झाले. शेवटच्या दिवशी शेवंतीने रुमाल सोडला. बांगड्या किणकिणत मनगटावर आल्या. तिने माझे भिंग पुसले आणि तोच रुमाल त्यावर बांधला.

"धूळ नको रे बसायला तुझ्यावर," ती म्हणाली.

धूळ बसली नाही. पण मला या अडगळीच्या खोलीत आणून ठेवले, आणि त्यानंतर कुणी दिसलेही नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू झाकून ठेवता, तशा कधी उघडूनही बघत जा. माझा रुमाल सोडलात, तर दिवा लागतो की नाही ते मागाहून बघा. आधी तुमचे हात दाखवा.