माझ्याखालचं रबर

मी एक जुना पंप आहे असं सांगायला मला फार आवडलं असतं, पण कसलं काय! मित्रांनो, मी अवघे अकरा दिवस चाललो. मी विजेवरचा पंप, मुठीएवढा. मोटारीच्या टाकीतलं पेट्रोल पुढे इंजिनाकडे ढकलायचं, एवढंच माझं काम. आणि चालताना मी टकटक, टकटक बोलतो. बोलायचो.

माझी गाडी निळी, पन्नास वर्षांची. शहापूरजवळच्या देवरामबाबांची. गावातल्या कितीतरी पोरी तिच्यात बसून सासरी गेल्या, आणि आता बाबांच्या स्वतःच्या मुलीची, समीक्षाची पाळी होती, मुरबाडला! पण गाडी उन्हात बंद पडायची. इंजिनाला चिकटलेला जुना पंप तापला की पेट्रोल पुढे जायचंच नाही. मग बाबा उतरायचे, पंपावर ओलं फडकं टाकायचे, नळी काढून तोंडाने फुंकायचे, आणि गाडी चालू! नवा पंप घालू म्हटलं की भडकायचे. "मी जिता हाय तवर हिचा एक पार्ट बदलायचा नाय!"

म्हणून बाबा पत्रिका वाटायला गेले तेव्हा त्यांच्या मुलाने, आदेशने, मला गुपचूप आणलं. नथू मिस्त्रीने मला मागे टाकीखाली बसवलं आणि जुना पंप दिसायला तसाच ठेवला, पेट्रोलची नळीही त्यालाच जोडलेली. मी लगेच टकटक सुरू केली.

"आयला, हा तर बोलतो!" आदेश घाबरला. "बाबा आवाजावरून पार्ट ओळखतात."

"मग बांधू याचं तोंड," नथू हसला. त्याने सायकलच्या ट्यूबचं रबर कापून माझ्याखाली घातलं. मलाच माझं ऐकू येईना!

"पण बाबांना सांग हां," नथू म्हणाला. "इंजिन बंद पडलं तरी चावी चालू हाय तवर हा पेट्रोल ढकलतच राहतो."

"लगीन होऊ दे रे, मग सांगतो."

दहा दिवस गाडी एकदाही बंद पडली नाही. बाबा सगळ्यांना सांगत सुटले, "म्हातारी सुधारली माझी!" कौतुक तिचं, काम माझं, तरी मी इतका खूश होतो!

अकराव्या दिवशी पाठवणीला निघालो. किन्हवलीच्या पुढे चढावर इंजिन बंद पडलं. माझ्यामुळे नाही, ठिणगी देणारी कॉइल तापली होती. बाबा फडकं घेऊन उतरले. मागे नवरा-नवरी, पुढे आदेश.

"बाबा, थांबा, मी बघतो."

"तू बस रे. माझा हात वळखते ती."

चावी आदेशपासून हातभर लांब होती. चालूच होती. बाबा नुसतं फडकं टाकतील असं त्याला वाटलं असेल.

बाबांनी नळी काढली.

मी ढकलत होतो, मित्रांनो. मला तेवढंच येतं. पेट्रोल बाबांच्या हातांवर उडालं, तापलेल्या सायलेन्सरवर उडालं, आणि भडका झाला. समीक्षा शालू सावरत बाहेर पडली, ओरडत राहिली. सगळे वाचले. बाबांचे हात नाही वाचले.

आता गाडी अंगणात उभी आहे. पुढून कोळसा, मागून निळी. बाबांची बोटं वळत नाहीत, पाणीसुद्धा कुणीतरी पाजावं लागतं. काल ते गाडीपाशी बसून म्हणाले, "तुझंच खरं होतं, आदेश. तुला नवा पंप घालू दिला असता तर असं झालं नसतं."

आदेशने पाण्याचा पेला त्यांच्या ओठांना लावला.

मित्रांनो, जुनी वस्तू दुरुस्त करा, जरूर करा. पण जो त्यात हात घालणार आहे, त्याला आधी सांगा. लग्नानंतर नाही. आधी.

मी गप्प होतो, कारण माझ्याखाली रबर होतं. आदेशच्या खाली तर तेही नाही, तरी तो अजून गप्प आहे.