बोटीची तालीम

योगेंद्रने दोन्ही मुलींचे मोबाईल काढून घेतले आणि स्वतःच्या शर्टाच्या खिशात घातले. शर्ट एका बाजूला ओढला गेला.

"समुद्रात रेंज नसते," तो म्हणाला.

समुद्र आर्वीपासून बराच लांब होता. दिवाळीच्या सुट्टीत मुंबईहून निघणाऱ्या क्रूझची तिकिटं काढून झाली होती, आणि सोळा वर्षांच्या रुचिकाने बापापुढे एकच अट ठेवली होती: बोटीवर तिला आणि तिच्या चुलतबहिणीला, आचलला, आपलं आपण हिंडू द्यायचं. मोठ्यांच्या मागे मेंढरांसारखं फिरायचं असेल तर ती घरीच थांबणार होती. योगेंद्रचं कापडाचं दुकान होतं. धुऊन पाहिल्याशिवाय रंग पक्का आहे असं तो मानत नसे. म्हणून आज, बाजाराच्या दिवशी, परीक्षा. आर्वी ही बोट, आणि स्टँडसमोरचं श्रावणचं चहाचं हॉटेल ही भेटायची जागा. दोघींनी एकमेकींना सोडायचं नाही, कुणाच्या खोलीत जायचं नाही, पाचला परत यायचं. चुकामूक झालीच तर शोधत हिंडायचं नाही, इथे येऊन बसून राहायचं. हे शेवटचं त्याने दोघींकडून म्हणवून घेतलं.

मुली गर्दीत शिरल्या. चहा यायच्या आधी मिठाईवाल्या नत्थूजींचा फोन आला.

"भाऊ, तुमची रुचिका इकडं हिंडून राह्यली. घरी सांगतलं आहे ना तिनं?"

मग बांगड्यांच्या दुकानातून सुलोचनाबाईंचा आला. मग पेरूवालीने कुणाच्या तरी मोबाईलवरून कळवलं, की पोरींकडून पैसे घेतले नाहीत. योगेंद्रला आधी बरं वाटलं. चहा निवेपर्यंत ते बरं वाटणं ओसरलं. बोटीवर नत्थूजी नसणार. हजारो माणसं असतील, आणि ही कुणाची पोरगी हे त्यांतल्या एकालाही माहीत नसेल. गाव असं पहाऱ्याला असताना घेतलेली परीक्षा म्हणजे पुस्तक उघडं ठेवून लिहिलेला पेपर. त्याने आपलाही मोबाईल बंद केला.

त्यानंतरचा वेळ फार हळू गेला. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजले. मुली आल्या नाहीत. समोरच्या स्टँडवर आंजी गावची एसटी आली, रिकामी झाली, पुन्हा भरली. योगेंद्र दारात उभा राहिला, मग रस्त्यावर, आणि मग बाजारात.

मुलींना सगळ्यांनी पाहिलं होतं. पेरू खाताना, ओढण्या लावून बघताना, हसताना. प्रत्येकाने वेगळी दिशा दाखवली. भाजीच्या ओळीत त्याच्या चपलेचा अंगठा तुटला. पाय घासत तो सुलोचनाबाईंच्या दुकानापर्यंत पोचला, तेव्हा त्या म्हणाल्या की पोरी तर कधीच्या स्टँडकडे गेल्या.

दोघी त्याच्याच टेबलावर बसल्या होत्या. समोर कागदावर मीठ लावलेला एक पेरू उरला होता.

"आम्ही पाचलेच आलो, बाबा."

योगेंद्रने भिंतीकडे बोट केलं. श्रावणने भट्टीवरून मान वर केली.

"ते तर पुढं आहे, भाऊ. लोकायची गाडी चुकू नये म्हनून. माहा बाप होता तवापासून पुढंच आहे."

योगेंद्रला ते माहीत होतं. साऱ्या आर्वीला माहीत होतं. लोक वजाबाकी करूनच इथे चहा पीत; आज तो तेवढी विसरला होता. तो खुर्चीत बसला. तुटकी चप्पल त्याने पायाने टेबलाखाली सरकवली.

"मी नाई दिसलो, तर मंग?"

"मंग काई नाई. बसलो." रुचिकाने पेरू त्याच्याकडे सरकवला. "हे रडाले लागली. काकाले काई झालं असन, शोधाले जाऊ म्हने. मी नाई जाऊ देल्लं."

आचलने मान खाली घातली. तिचं मनगट रुचिकाने अजूनही घट्ट धरलेलं होतं. योगेंद्रने ती बोटं पाहिली. मग त्याने खिशातले दोन्ही मोबाईल काढून पेरूशेजारी ठेवले.

"काका, पास का आम्ही?" आचलने विचारलं.

योगेंद्रने पेरू उचलला आणि मोठा घास घेतला.

रस्ता ओलांडताना रुचिकाने एका हाताने आचलला धरलं आणि दुसऱ्या हाताने त्याचं कोपर. तिच्या लक्षातही आलं नसावं. त्याने मोबाईल सुरू केला, आणि तो लगेच वाजला.

"भाऊ, फोन काऊन बंद होता?" नत्थूजी विचारत होते. "पोरी सापडल्या का?"

योगेंद्र तुटकी चप्पल हातात घेऊन, एक पाय अनवाणी, चालत होता.

"हो, नत्थूजी," तो म्हणाला. "मीच सापडलो त्यायले."