वादळाच्या वाटेवरची जाळी

"जाळीला धारदार काही लावायचं नाही. का, ते विचारायचं नाही."

मी उभी राहिले त्याच दिवशी एलिसेओ आजोबांनी घरात हा नियम घातला. तो मोडायची कुणाची टाप नव्हती. ज्या जाळीसाठी हा नियम केला, तीच मी बोलतेय.

फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, कालव्यांच्या गावात, एका घराच्या परसातल्या पोहायच्या हौदावर मी उभी आहे. अ‍ॅल्युमिनियमचे दांडे ही माझी हाडं आणि काळं बारीक विणकाम ही माझी कातडी. हौद, फरशी, खुर्च्या, माणसं सगळी माझ्या पोटात असतात. डास, माश्या आणि मगरीची पिल्लं बाहेर राहतात. हे सगळं सांगताना माझा आवाज कापत असेल, तर समजून घ्या. समुद्रातून वादळ निघालंय आणि त्याची वाट माझ्यावरून जाते.

कारखान्यात आम्ही बहिणी गुंडाळ्या होऊन एकाच थप्पीत पडलो होतो. एक वाळवंटातल्या गावी गेली. तिथं डास नाहीत, पण ऊन चामडी सोलतं, म्हणून तिची वीण दाट. एक उत्तरेला गेली. तिथं म्हणे हिवाळ्यात जाळी उतरवून पारदर्शक पत्रे बसवतात, नाहीतर बर्फाच्या ओझ्यानं सगळं खाली येतं. कुणाला ऊन खातं, कुणाला बर्फ दाबतो. माझ्या वाट्याला वारा आला.

लोकांना वाटतं, जाळीला कसली आलीय वाऱ्याची भीती? भोकंच भोकं तर आहेत, जाईल वारा आरपार. झुळूक जाते हो. वादळ जात नाही. पावसाचं पाणी माझ्या प्रत्येक भोकात भरतं, पाला येऊन चिकटतो, आणि बघता बघता माझं शीड होतं. शिडाला जमिनीत रोवून ठेवलं आणि वर वादळ सोडलं तर काय होणार, हे मला शेजारीच पाहायला मिळालं.

शेजारी वॅन्डाबाई राहते. मागच्या वादळात तिची जाळी शाबूत होती, अगदी एक टाकाही उसवलेला नव्हता. वाऱ्यानं त्या जाळीला बुडासकट उपटलं, कागदासारखी दुमडली, आणि तिचा एक दांडा काचेच्या दारातून थेट स्वयंपाकघरात घुसला. वॅन्डाबाई बहिणीकडे गेली होती म्हणून वाचली. मोडताना ती जाळी किंचाळली, ती किंचाळी माझ्या हाडांत अजून आहे.

म्हणून इथले बरेच लोक वादळ आलं की आपली जाळी स्वतःच कापतात. समोरासमोरच्या बाजूंना सुरीनं फुल्या मारतात. कातडी जाते, हाडं राहतात. वॅन्डाबाईनं या वेळी आपली नवी जाळी काल दुपारीच कापून घेतली. आमच्या घरात मात्र हे बोलायचीही बंदी.

मी भित्री आहे, हे कबूल करते. आजोबांचा नियम मला आवडायचा. मायलेन, म्हणजे त्यांची नात, लहान असताना माझ्या आत एक सरडा अडकला होता. त्याला सोडायला तिनं कात्रीनं मला बोटभर कापलं. आजोबांनी ती चीर दोऱ्यानं शिवली आणि कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाहीत. पोरगी रडून बेजार, आणि मी मात्र मनातून खूश! माझ्या कातडीला राखणारा कुणीतरी होता.

आज सकाळी घरात नुसती धांदल होती. आजोबांचा मुलगा, मायलेनचा रिगो मामा, परसातल्या खुर्च्या हौदात ढकलत होता. उडून कुणाच्या डोक्यात बसण्यापेक्षा बुडालेल्या बऱ्या, अशी इकडची रीत. वीज जाणार म्हणून फ्रीजमधलं सगळं डुकराचं मांस त्यानं एकदम तळायला टाकलं होतं, आणि एक पाय चुलीपाशी, एक हौदापाशी अशी त्याची कसरत चालली होती.

"मामा, टेबल राहिलं की," मायलेन म्हणाली. ती कॉलेजातून दोन दिवसांसाठी आली होती आणि इथंच अडकली होती.

"त्यावर बाबांचा डोमिनो मांडलाय. डाव मोडला तर वादळाआधी मीच हौदात."

"मांडलेला डाव दिसतो त्यांना. आजी कुठं झोपलीय ते दिसत नाही?"

ओदालिस आजीची खाट काचेच्या मोठ्या दारामागे होती. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, उठायची बंदी, आणि ती लोखंडी खाट आतल्या बोळाच्या दारातून जात नव्हती. गाव सोडून जायचं तर आता पुलावर पाणी चढलं होतं. आधी जायला सांगितलं तेव्हा आजोबा म्हणाले होते, "आम्ही कामाग्वे सोडून, देश सोडून निघालो, तेवढं निघणं या जन्माला पुरे." काचेवर फळ्या ठोकायलाही त्यांनी नको म्हटलं. का, तर पुढं जाळी आहे ना!

मायलेन मांस कापायची सुरी हातात घेऊन बाहेर आली. माझे दांडे आतून गार पडले.

"आजोबा, मी जाळी कापतेय."

टेबलापाशी बसलेल्या आजोबांच्या बोटांतच डोमिनोची सोंगटी राहिली. "काय म्हणालीस?"

"वॅन्डाबाईनं कापली. पलीकडच्यांनी कापली. नाही कापली तर हे सगळं काचेतून आत येईल. आजीवर."

"वॅन्डाचं तिच्यापाशी. ती बाई वारा शिंकला तरी छत्री उघडते. ही जाळी काचेला राखायला आहे."

"राखणार नाही. हीच काच फोडेल!"

"चार बुकं शिकलीस म्हणून मला वारा शिकवतेस?"

"तुम्हाला कुणी काही शिकवूच शकत नाही, हीच तर पंचाईत आहे. का कापायची नाही? एकदा तरी कारण सांगा! लहान होते तेव्हा तुमचा अबोला सोसला, आता नाही ऐकून घेणार."

रिगो मामा झारा घेऊन धावत आला. "मायलेन, तोंड आवर. बाबांचं ब्लडप्रेशर..."

"त्यांचं ब्लडप्रेशर, त्यांचा डोमिनो, त्यांची जाळी! या घरात दुसरं कुणी राहतं की नाही?"

तेवढ्यात आतून, खाटेवरून आजीचा आवाज आला. बारीक, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"सांगा तिला, एलिसेओ. नाहीतर मी सांगते."

आजोबांनी सोंगटी टेबलावर पालथी ठेवली. मग आजीच बोलली. रिगोच्या आधी त्यांना एक मुलगा होता, अनिबाल. तिकडे कामाग्वेला, नदीकाठच्या घरात. मच्छरदाणीला मुठीएवढं भोक पडलेलं, आणि नवी आणायची तर दुकानं रिकामी. डास चावून पोराला ताप भरला. पावसाळा संपायच्या आत ते गेलं. "तेव्हापासून त्यांना फाटकी जाळी बघवत नाही गं," आजी म्हणाली. "इथं आलो आणि घरात खाटा यायच्या आधी त्यांनी ही जाळी उभी केली."

मायलेनचा हात खाली आला. सुरी मांडीपाशी लोंबत राहिली. तिचे डोळे भरले होते. तिला हे कधीच कुणी सांगितलं नव्हतं.

मी वाचले. खरंच, मला आधी एवढंच वाटलं. वाचले!

आणि तेव्हाच वाऱ्याचा पहिला मोठा सपाटा आला.

समुद्राकडच्या बाजूला तो असा आदळला की मी आतल्या बाजूला पोटासारखी फुगले. माझे दांडे कण्हले. भोकांत पाणी भरलं आणि मला श्वास घेता येईना. कोपऱ्यातल्या खांबाचा बोल्ट फरशीतून करकरत वर आला, आणि खांब बोटभर उचलला गेला. तो खांब आजीच्या खाटेच्या अगदी समोरचा. सपाटा ओसरला तसा तो पुन्हा धप्पकन बसला. आत आजी ओरडली.

त्या क्षणी मला कळलं, की मी कातडीला जपत बसले होते आणि घाव घालणार होते मीच. माझाच दांडा, माझ्याच पोटातून. मला तोंड असतं तर मी आरडाओरडा केला असता. काप! काप गं मला!

मायलेननं तो खांब पाहिला. आजोबांनीही पाहिला, पण ते हलले नाहीत. माणसाला डोळ्यांनी दिसलेलंही लगेच पटत नाही. ती वळली आणि समुद्राकडच्या बाजूला माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मायलेन, सुरी खाली ठेव," आजोबा म्हणाले. आवाज नेहमीचाच, हुकमाचा. "या घरात माझा शब्द..."

"नाही ठेवणार."

"मी सांगतोय!"

"ऐकलं मी. तरी नाही. अनिबाल मामासाठी मला रडायचंय, आजोबा. तुमच्याजवळ बसून रडेन. पण आज डास येत नाहीयेत. आज तुमची बायको काचेमागे पडलीय, आणि तुमचा नियम तिला मारील. मी तो पाळणार नाही. आज नाही, नंतरही नाही."

सुरीचं टोक आत शिरलं. दुखलं. खोटं कशाला सांगू, फार दुखलं. वरून खाली, मग आडवं. तिनं पुढचा चौकोन धरला, मग त्याच्या पुढचा. मग धावत जाऊन समोरची बाजू.

दुसरा सपाटा आला. डोळे मिटावेत तसं मी सगळं अंग आखडून घेतलं. तो आला, माझ्या फाटक्या कातडीच्या लक्तरांना फडफडवत आत शिरला, हौदाचं पाणी उसळवलं, आणि पलीकडून निघून गेला. कोपऱ्यातला खांब जागच्या जागी राहिला.

अजून खरं वादळ यायचंय. मी उद्या असेन की नाही, ठाऊक नाही. भीती गेलेली नाही. वाचणाऱ्यांनो, तुमच्याकडे माझी एखादी बहीण असेल तर तिला जीवापाड जपा, पण तिच्यापायी माणसाला काचेमागे ठेवू नका.

ओलीचिंब मायलेन अजून मला कापतेय. रिगो मामा झारा धरून दारात उभा आहे. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या खांबाकडे पाहिलं आणि मांडलेल्या डावाच्या सोंगट्या गोळा करायला घेतल्या.  एवढ्या वाऱ्यातही मला सुरीचा आवाज येतोय.